मॉरिस मायनर ट्रॅव्हलर विकत घेताना : लाकूड, पत्रा आणि 'संपूर्ण पुनर्बांधणी'चा अर्थ

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या आपल्या कुटुंबाला सुटीच्या दिवशी फिरण्यासाठी एक जुनी ब्रिटिश एस्टेट गाडी (छत मागेपर्यंत नेऊन सामानाला जागा केलेली) हवी आहे. १९६७ सालची, फिकट हिरव्या रंगाची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर विक्रीला आहे आणि जाहिरातीत 'संपूर्ण पुनर्बांधणी, नवे लाकूड, नवे रंगकाम, इंजिन उत्तम' असे म्हटले आहे. विक्रेत्याने नऊ छायाचित्रे पाठवली आहेत. गाडी पाहायला जाताना काय तपासावे, मागितलेली किंमत योग्य आहे हे कसे ठरवावे आणि अशी गाडी नियमित वापरता येईल का, असे आपले तीन प्रश्न आहेत. इंग्लंडच्या मध्य भागात जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत माझी तीस वर्षांहून अधिक काळ गेली असून त्यातील मोठा वाटा मायनरचा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सर्वप्रथम तपासणीचा क्रम. बहुतेक खरेदीदार बॉनेट उघडून इंजिन ऐकतात, मग रंगावरून हात फिरवतात, एक फेरी मारतात आणि व्यवहार पक्का करतात. ट्रॅव्हलरच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा असायला हवा. आधी लाकूड, मग गाडीचे पोट, नंतर पुढच्या चाकांचे सांधे, त्यानंतर कागदपत्रे आणि सर्वांत शेवटी इंजिन. या गाडीचे इंजिन साधे आहे, त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि पूर्ण बिघडलेले इंजिनसुद्धा आवाक्यातल्या खर्चात उभे करता येते. कुजलेली लाकडी चौकट आणि गंजलेला तळ मात्र कधीकधी गाडीच्या किमतीएवढा खर्च मागतात.

हे समजण्यासाठी गाडीची रचना माहीत असणे आवश्यक आहे. अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. ट्रॅव्हलर हे तिचे एस्टेट रूप १९५३ मध्ये आले आणि १९७१ पर्यंत बनत राहिले. पुढच्या आसनांपर्यंत ही गाडी दोन दरवाजांच्या सलूनसारखीच (मागे वेगळी डिकी असलेल्या साध्या मोटारीसारखी) पोलादी आहे. त्यामागे पोलादी तळावर अॅश लाकडाची चौकट उभी आहे. बाजूचे पत्रे आणि छताचा मागचा भाग अॅल्युमिनियमचा असून तो या लाकडाने पेललेला आहे. खांब, खिडक्यांखालची आडवी पट्टी, छताला आधार देणारी वरची तुळई आणि मागच्या दोन दरवाजांच्या चौकटी हे सारे लाकूड गाडीचे ओझे वाहते. मिनीच्या एस्टेट रूपावरही लाकडी पट्ट्या दिसतात, परंतु त्या पोलादी पत्र्यावर शोभेसाठी चिकटवलेल्या असतात. त्या कुजल्या तर गाडी कुरूप होते, एवढेच. ट्रॅव्हलरचे लाकूड कुजले तर गाडी कमकुवत होते. म्हणूनच इंग्लंडच्या वार्षिक तपासणीत ट्रॅव्हलरचे लाकूड गाडीच्या सांगाड्याचा भाग समजून तपासले जाते आणि ते कुजलेले आढळल्यास गाडी नापास होऊ शकते.

अॅश हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नसले तरी वस्तू अगदीच अनोळखी नाही. क्रिकेटच्या यष्ट्या परंपरेने याच लाकडाच्या करतात, कारण धक्का सोसण्याची ताकद आणि लवचिकता त्यात भरपूर असते. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला सुतार बाभूळ निवडत असे. इंग्लंडमध्ये घोडागाडी बांधणाऱ्यांनी अॅश निवडला तोही याच गुणांसाठी. मोटारीचा सांगाडा लाकडाचा करण्याची पद्धत त्याच कारागिरांकडून आली. पण अॅशचा एक मोठा दोष आहे. सागाप्रमाणे स्वतःचे तेल राखून पाणी परतवण्याचा गुण त्यात नाही. सतत ओलसर राहिला की त्याला बुरशी लागते, आधी काळे डाग पडतात, मग तंतू मऊ होतात आणि शेवटी लाकूड आतून भुसभुशीत होते. वरून वार्निशचा थर शाबूत असेल तर हे सगळे महिनोन्‌महिने कोणाला कळतही नाही.

पाणी शिरते कुठून, हे कळले की कुठे पाहायचे हेही कळते. मागच्या बाजूच्या खिडक्यांच्या काचा सरकणाऱ्या आहेत आणि त्या ज्या खाचांमधून सरकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवर बसवलेल्या असतात. पावसाचे पाणी या खाचांत साचते. ते बाहेर जाण्याची छिद्रे धुळीने बुजली की पाणी तिथेच मुरते आणि पट्टी खालून कुजू लागते. उघड्यावर ठेवलेल्या ट्रॅव्हलरच्या खाचांत शेवाळ उगवलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहे. दुसरी जागा म्हणजे मागच्या खांबांची खालची टोके. लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकातून पाणी सर्वांत वेगाने चढते आणि ही टोके नेमकी चाकांनी उडवलेल्या चिखलाच्या वाटेवर आहेत. तिसरी जागा मागच्या दरवाजांची खालची पट्टी, आणि चौथी म्हणजे दोन्ही बाजूंना तळालगत धावणारी खालची लांब पट्टी, जिच्यावर पूर्ण चौकट उभी असते. ही चौथी जागा सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी पाहिली जाणारी आहे, कारण ती बाहेरून नीट दिसत नाही. त्यासाठी सामानाच्या जागेतील चटई उचलावी, आतले अस्तर सैल करता येत असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने सैल करावे आणि चाकाच्या कमानीमागून विजेरीच्या उजेडात पाहावे.

सोबत एक बारीक टोच्या ठेवा आणि तो वापरण्याआधी विक्रेत्याला सांगा. चांगल्या अॅशमध्ये टोक अंगठ्याच्या दाबाने जेमतेम रुतते. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात गेल्यासारखे आत जाते. जिथे लाकूड काळवंडले आहे, जिथे दोन तुकड्यांचा सांधा आहे आणि जिथे वार्निश फुगले आहे, तिथेच टोचून पाहावे. स्वच्छ पृष्ठभागाला उगाच छिद्रे पाडू नयेत. टोच्या वापरायला नकार मिळाला तर नखाने दाबून किंवा बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकावा. सुदृढ लाकूड टणक वाजते, पोकळ झालेले बद्द वाजते. मागचे दोन्ही दरवाजे उघडून एकेक दरवाजा टोकाला धरून हलकेच वर उचलून पाहा. बिजागरीबरोबर खांबही हलत असेल, तर बिजागरीचे स्क्रू ज्या लाकडात घुसलेले आहेत ते लाकूड गेलेले आहे, असे समजा.

काळ्या डागांबाबत थोडे अधिक सांगतो, कारण प्रत्येक काळा डाग म्हणजे कूज नव्हे. लोखंडी स्क्रूभोवती ओलाव्यामुळे लाकूड काळे पडते आणि तेवढेच असेल तर ती शोभेची बाब आहे. सांध्यापासून सुरू होऊन तंतूंच्या दिशेने लांबवर पसरलेला डाग मात्र गंभीर असतो. लाकडाचे तंतू हे खरे साक्षीदार आहेत. खांबाच्या लांबीत तंतू वरपासून खालपर्यंत अखंड जायला हवेत. ते मध्येच थांबत असतील, किंवा एखाद्या जागी तंतूच दिसत नसतील आणि रंग तेवढा जुळवलेला असेल, तर तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. नव्वदच्या दशकात कामाची उमेद असताना मी स्वतःसाठी एक ट्रॅव्हलर घेतली. वार्निश आरशासारखे होते, दरवाजे सफाईने बंद होत होते आणि विकणाऱ्याने 'लाकडाचे काम नुकतेच झाले आहे' असे सांगितले होते. पहिल्या हिवाळ्यानंतर डाव्या मागच्या खांबाच्या तळाशी केसाएवढी रेघ दिसली. मी तिथे टोचले तेव्हा टोच्या आत गेला नाही, पण जो कण बाहेर आला तो लाकडाचा नव्हता. पत्र्याचे खड्डे भरायला वापरतात ती लांबी लाकडाच्या भुशात कालवून, पिवळसर रंग देऊन, तब्बल वीतभर लांब भागात भरलेली होती आणि तिच्यावर तंतूंच्या रेघा ब्रशने ओढलेल्या होत्या. त्या खांबाच्या मागोमाग खालची पट्टी आणि नंतर पूर्ण डावी बाजू बदलावी लागली. तेव्हापासून मी नव्या वार्निशकडे संशयाने पाहतो, आणि जुनाट, थोडे फिकट, पण उघडेपणाने दिसणारे लाकूड मला अधिक विश्वासार्ह वाटते.

आपण पाहिलेल्या जाहिरातीत 'नवे लाकूड' असे म्हटले आहे. ते कोणते, किती आणि कसे बसवले, हे विचारा. इंग्लंडमध्ये ट्रॅव्हलरच्या संपूर्ण लाकडी बाजू आजही नव्याने तयार मिळतात, आणि अशी पूर्ण बाजू बसवणे हे सर्वांत चांगले काम आहे. त्यात बाजूचे अॅल्युमिनियमचे पत्रे काढावे लागतात, चौकट तळाशी अचूक जुळवावी लागते, छताचे वजन मधल्या काळात आधारावर पेलावे लागते. हे काही आठवड्यांचे आणि धीराचे काम आहे. याउलट कुजलेला भाग कापून तिथे तुकडा सांधण्याची पद्धतही आहे. तिरकस, लांब सांधा घेऊन चांगल्या गोंदाने केलेली अशी दुरुस्ती मी सदोष मानत नाही, पण तिला 'नवे लाकूड' म्हणणे बरोबर नाही. आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा : लाकूड अॅशच आहे ना? काही जण ओक वापरतात. ओक टिकाऊ असला तरी त्यातील आम्लामुळे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात आणि भोवती काळे ओघळ येतात. लाकडावर कोणता लेप दिला आहे, हेही विचारण्यासारखे आहे. जहाजांसाठीचे जाड वार्निश दिसायला सुंदर असते, परंतु त्याला एकदा तडा गेला की पाणी आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. लाकडातला ओलावा बाहेर जाऊ देणारा पातळ लेप, दर वर्षी पुन्हा दिलेला, मी नेहमीच पसंत करतो.

या सगळ्याचा पुरावा म्हणजे कामाची छायाचित्रे. ज्याने खरोखर पुनर्बांधणी केली आहे किंवा करवून घेतली आहे, त्याच्याकडे उघड्या सांगाड्याची, कापलेल्या पत्र्याची आणि अर्धवट बसवलेल्या चौकटीची छायाचित्रे असतातच, कारण ते काम करताना प्रत्येकाला त्याचा अभिमान वाटतो. आपल्याला आलेली नऊही छायाचित्रे तयार गाडीची आहेत. एकही पोटाखालचे नाही, मागचे दरवाजे उघडलेले एकही नाही. त्याचा अर्थ विक्रेता काही लपवतो आहे असा मी काढत नाही. अनेकांना चांगले दिसणारे तेवढेच पाठवण्याची सवय असते. पण भेटीपूर्वी ही छायाचित्रे मागावीत.

लहान चुंबकही खिशात असू द्या. बाजूच्या पत्र्यांना आणि मागच्या छताला तो चिकटणार नाही, कारण ते अॅल्युमिनियमचे आहेत. तेवढ्यावरून घाबरू नका. पुढच्या मडगार्डांना, दरवाजांना आणि बॉनेटला मात्र तो सर्वत्र चिकटायला हवा. दरवाजांच्या खालच्या कडेला किंवा दिव्यांभोवती तो घसरून पडला, तर तिथे लांबी आहे. पूर्ण मडगार्डालाच चिकटत नसेल, तर ते फायबरग्लासचे बसवलेले असण्याची शक्यता आहे.

आता गाडीचे पोट. इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात आणि ते पोलादाला आतून खाते. मायनरमध्ये पुढच्या आसनांखालून एक आडवी तुळई जाते. तिच्या दोन टोकांना जॅक लावण्याची जागा आहे. ती टोके सर्वांत आधी गंजतात. दरवाजांखालचे उंबरे अनेक पत्र्यांच्या थरांचे आहेत आणि बाहेरचा थर नवा लावून आतले सडलेले थर तसेच ठेवण्याची वाईट सवय बऱ्याच ठिकाणी आढळते. याशिवाय मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टांगण्या, चॅसीचे पुढचे दोन दांडे आणि इंजिनच्या बाजूचे आतले पत्रे पाहावेत. एक साधी चाचणी आहे : गाडी त्या आडव्या तुळईपाशी जॅकवर घ्या आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून पुन्हा लावून पाहा. जमिनीवर असताना सहज लागणारा दरवाजा आता अडत असेल किंवा त्याच्या फटी बदलत असतील, तर गाडीचा कणा कमजोर आहे. तळाला नुकताच काळा, जाड डांबरी लेप दिलेला असेल, तर तो का दिला असे विचारा. ताज्या वेल्डिंगवर तो नक्कीच देतात, पण गंजावरही तितक्याच सहजतेने देता येतो. चालकाच्या पायाखालचा गालिचाही उचला. मायनरचा ब्रेकचा मुख्य सिलिंडर तिथे तळाखाली, चॅसीच्या दांड्यात बसवलेला आहे आणि ब्रेक ऑइल तळातील छिद्रातून भरावे लागते. त्या भागात गंज असेल किंवा सिलिंडरच्या भोवती ओल असेल, तर ब्रेकचे काम लगेच करावे लागेल.

पुढच्या चाकांचे सांधे हा सुरक्षिततेचा भाग आहे आणि त्याबद्दल मी कोणतीही सवलत देत नाही. चाक ज्या उभ्या खुंटीवर वळते तिची दोन्ही टोके आटे असलेल्या सांध्यांत फिरतात. त्यांत नियमित ग्रीस भरले नाही तर आटे झिजतात, आणि फार झिजले की खालचा सांधा निसटून चाक आडवे कोसळते. हे बहुधा गाडी लावताना, चाक पूर्ण वळवलेले असताना घडते. पण वेगात घडले तर परिणाम भयंकर होऊ शकतो. चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवावे आणि त्याच वेळी कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा आहे. ती तशीच राहिली तर सांध्याचा. मी स्वतः दर १,००० मैलांनी या सांध्यांत ग्रीस भरतो. विक्रेत्याला हा प्रश्न विचारला आणि त्याने चटकन उत्तर दिले, तर गाडी प्रेमाने सांभाळलेली आहे असे मानायला हरकत नाही.

इथे आपल्या वाचकांसाठी एक ओळखीची खूण सांगतो. पुढच्या चाकांना पिळदार सळईची स्प्रिंग आणि दातेरी पट्टीचे स्टिअरिंग ही मायनरची रचना मोठ्या मॉरिस ऑक्सफर्डमध्येही होती, आणि त्याच ऑक्सफर्डवरून पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने अॅम्बॅसेडर बनवली. त्याच कारखान्यात त्याआधी मॉरिस मायनरही 'बेबी हिंदुस्थान' या नावाने तयार होत असे. माझ्या वडिलांच्या पिढीतील मेकॅनिकला या गाडीच्या पोटाखाली नेले असते, तर त्याला काहीही समजावून सांगावे लागले नसते.

इंजिनविषयी फार लिहीत नाही. १९६७ च्या गाडीत १,०९८ सीसीचे, सुमारे ४८ अश्वशक्तीचे ए-सीरिज इंजिन असायला हवे. ते थंड असतानाच सुरू करायला लावा. आपण पोहोचण्याआधी ते तापवलेले असेल तर थोडा वेळ थांबा. वेग कमी करून पुन्हा वाढवताना निळा धूर आला, तर इंजिन तेल जाळते आहे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (धावत्या गाडीत गिअर सहज बसवणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी थांबल्याशिवाय तो टाकू नये आणि त्यातील गुणगुणणे सामान्य समजावे. इंधनाबाबत दोन गोष्टी मात्र विचारा. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री इंग्लंडमध्ये २००० सालापासून बंद झाली. शिशाशिवायच्या पेट्रोलवर मूळच्या मऊ व्हॉल्व्ह सीट (झडपा जिथे टेकतात त्या कडा) झिजतात, म्हणून इंजिनच्या हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवल्या आहेत का? आणि २०२१ पासून साधे पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे झाले असल्याने इंधनाच्या रबरी नळ्या बदलल्या आहेत का? दोन्ही कामे झालेली नसतील तरी गाडी नाकारू नये. ती किमतीतून वजा करावीत.

कागदपत्रांमध्ये नोंदणीपुस्तिकेवरील चॅसी क्रमांक आणि इंजिनच्या कप्प्यातील पट्टीवरील क्रमांक एकच असला पाहिजे. ट्रॅव्हलरच्या क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांत डब्ल्यू असतो. तिथे एस असेल तर ती मुळात सलून होती. गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात आणि कधी बाहेर पडली याचा दाखला गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळवता येतो. मूलभूत बदल न केलेल्या, ४० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे, आणि ही सूटच खरेदीदाराला धोक्यात टाकते, कारण कोणीही परक्या नजरेने गाडीच्या पोटाखाली गेलेले नसते. सूट असली तरी तपासणी ऐच्छिकरीत्या करून घेता येते. 'तिचा खर्च मी देतो, विकण्याआधी गाडी तपासणीला न्या,' असे आपण विक्रेत्याला सांगा. तपासणीचा जुना इतिहासही गाडीच्या क्रमांकावरून सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात 'लाकूड कुजलेले' किंवा 'उंबरा गंजलेला' अशा नोंदी वर्षानुवर्षे सापडतात. त्या नोंदींनंतर दुरुस्तीची पावती आहे का, ते जुळवून पाहा.

किंमत ठरवण्याचे माझे सूत्र साधे आहे. लाकूड, तळ आणि पुढचे सांधे छायाचित्रांसह सिद्ध झाले, तर मागितलेल्या रकमेबद्दल थोडीशीच घासाघीस करून गाडी घ्या. एवढे काम आज नव्याने करवून घेतले तर त्याहून अधिक पैसे लागतील. छायाचित्रे नसतील पण टोच्या आणि जॅक यांच्या चाचणीत गाडी उतरली, तर एक बाजू पुन्हा करावी लागेल असे धरून रक्कम कमी सांगा. लाकडात लांबी सापडली, तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी सोडून द्या. चौथ्या छायाचित्रात डाव्या मागच्या खांबाच्या तळाशी मला एक काळसर पट्टा दिसतो आहे. ती सावलीही असेल, पण भेटीत सर्वप्रथम तिथेच बसून पाहा.

नियमित वापराविषयी : होय, वापरता येईल. ताशी ८० ते ९० किलोमीटर वेगाने ही गाडी दिवसभर समाधानाने धावते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने पुढच्या गाडीपासून आजच्या गाड्यांपेक्षा बरेच जास्त अंतर ठेवावे लागते. मागच्या आसनावर मुले बसणार असतील, तर पट्टे बसवण्याचे काम जाणकार माणसाकडून, पोलादी भागात भक्कम बोल्ट घालून करवून घ्या. लाकडात पट्ट्यांचे बोल्ट कधीही बसवू नयेत. ऐतिहासिक वर्गात नोंद असलेल्या ४० वर्षांवरील गाडीला लंडनमधील उत्सर्जनाचे शुल्क लागत नाही, त्यामुळे हॅरोमधून ती बाहेर काढायला अडचण नाही. रस्त्यावर मीठ पडते त्या महिन्यांत ती शक्यतो आत ठेवा, पण बंद प्लास्टिकच्या आच्छादनाखाली नव्हे; हवा खेळती राहील अशा जागेत, खिडक्यांच्या खाचा स्वच्छ करून आणि पाणी जाण्याची छिद्रे बारीक तारेने मोकळी करून ठेवा. पाहणीचा दिवस ठरला की मला कळवा, आणि पोटाखालची छायाचित्रे आधी मिळाली तर तीही पाठवा. मी ती पाहून सांगेन.